म्हाताऱ्या कुत्र्याच्या पायाखाली

कुत्रा म्हातारा झाला की घरात एक वाक्य वारंवार ऐकू येतं, "आता वय झालंय त्याचं." एरवी दाराची कडी वाजली की धावत येणारा कुत्रा आता जागेवरूनच शेपटी हलवतो, सोफ्यावर चढत नाही, फिरायला नेलं तर कोपऱ्यापर्यंत जाऊन परत वळतो, आणि या सगळ्याचा उलगडा त्या एका वाक्यात झाला असं घरातले धरून चालतात. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि हा अर्धवटपणा कुत्र्याला महागात पडतो. वयाने कुत्रा मंदावतो हे खरं. मात्र त्याच्या मंदावण्यात दुखण्याचा वाटा फार मोठा असतो आणि त्या दुखण्यात भर घालणाऱ्या कितीतरी गोष्टी आपल्याच घरात असतात. गुळगुळीत फरशी, वाढलेली नखं, वाढलेलं वजन, आठवडाभर बसून राहणं आणि रविवारी एकदम लांबची फेरी. वय मागे नेता येत नाही, या गोष्टी मात्र बदलता येतात. म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याची काळजी औषधाच्या बाटलीपासून नव्हे, तर त्याच्या पायाखालच्या जमिनीपासून घ्यायला लागावी, असं मला वाटतं. औषधाला विरोध म्हणून मी हे म्हणत नाही. जमीन, वजन आणि हालचाल सावरली नाही तर चांगलं औषधही तोकडं पडतं, म्हणून म्हणतो.

आधी सांध्यात काय होतं ते पाहू. दोन हाडांची टोकं जिथे मिळतात तिथे कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं आणि मध्ये वंगण घालणारा द्रव असतो. ऑस्टिओआर्थ्रायटिस या सांध्याच्या झिजेच्या विकारात कूर्चा झिजते, सांध्याच्या आवरणाला सूज राहते, कडेने हाड वाढतं आणि सांधा पुरता वाकेनासा होतो. दुखरा पाय कुत्रा कमी वापरतो, न वापरल्याने मांडीचे स्नायू आटतात आणि स्नायू आटले की सांध्यावरचा ताण आणखी वाढतो. माणसाला हा विकार बहुधा उतारवयात गाठतो. कुत्र्यात तो अनेकदा तरुणपणीच सुरू झालेला असतो, कारण त्याचं मूळ वाढीच्या वयात बिघडलेल्या खुब्याच्या किंवा कोपराच्या घडणीत असतं. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर या आपल्या शहरांत हौसेने पाळल्या जाणाऱ्या जातींत हे विशेष आढळतं. प्रौढ कुत्र्यांपैकी पाचांत एकाला हा विकार असतो, असा अमेरिकेतला बराच जुना आणि आजही वापरला जाणारा अंदाज आहे. उलट ब्रिटनमधल्या नेहमीच्या दवाखान्यांच्या नोंदी तपासून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात या विकाराचं निदान झालेली कुत्री सुमारे अडीच टक्केच निघाली. दोन्ही आकड्यांची मोजणी वेगळी आहे, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करता येणार नाही. तरीही एवढी तफावत पाहिली की दुखणारी बरीच कुत्री दवाखान्याच्या कागदावर येतच नाहीत, हा निष्कर्ष टाळणं कठीण आहे.

ती का येत नाहीत? बैल लंगडला तर शेतकऱ्याला त्याच दिवशी कळतं, कारण औत थांबतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्याने मळण्याची आपली रीतही जू ओढणाऱ्या खांद्याच्या जाणिवेतूनच आली आहे. मुंबईत परळला १८८० च्या दशकात उभं राहिलेलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय लोकांच्या तोंडी आजही 'बैलघोडा हॉस्पिटल' आहे, इतकी कष्टाच्या जनावरांशी त्याची ओळख जोडली गेली. शहरातल्या कुत्र्याच्या चालीवर कोणाचं पोट अवलंबून नसतं. तो लंगडला तरी घरातलं एकही काम अडत नाही, म्हणून त्याच्या चालीकडे निरखून बघायची सवय आपल्याला लागलेली नाही. त्यात कुत्रा ओरडत नाही. ताजी जखम झाली तर तो केकाटेल, पण महिनोन्‌महिने चाललेलं सांध्याचं दुखणं तो मुकाट सोसतो. "रडत नाही म्हणजे दुखत नसेल" हा समज म्हणूनच चुकीचा आहे. दुखणं ओरडण्यात नाही, वागण्यातल्या बदलात शोधायचं असतं.

हा बदल सर्वांत स्पष्ट दिसतो तो झोपेतून उठताना. निरोगी कुत्रा एका दमात उठतो. सांधे दुखणारा कुत्रा आधी पुढचे पंजे लांब टाकतो, छाती वर घेतो, क्षणभर बसल्यासारखा थांबतो आणि मग मागचा भाग ओढून वर आणतो. उभा राहिल्यावर पहिली चार-पाच पावलं आखडलेली पडतात, नंतर चाल मोकळी होते, आणि ती मोकळी झालेली पाहून आपण निर्धास्त होतो. याशिवाय बारीक खुणा बऱ्याच असतात. एकच सांधा सतत चाटणं, बसताना एक मांडी बाहेर टाकणं, जिन्यात पहिल्या पायरीशी घुटमळणं, गाडीत उडी मारायची टाळणं, ऊन नसतानाही धापा टाकणं, लहान मुलाने कमरेला हात लावला की गुरगुरणं. दवाखान्यात गेल्यावर घाबरलेला कुत्रा यातलं बरंचसं लपवतो. म्हणून घरीच फोनवर छोटे व्हिडिओ काढावेत. उठतानाचा एक, समोरून येतानाचा एक, पाठमोरा जातानाचा एक, बाजूने एक आणि जिन्याचा एक. डॉक्टरांच्या दृष्टीने तपासणीच्या टेबलावरच्या पाच मिनिटांइतकेच हे व्हिडिओ मोलाचे असतात. मालकाने भरायच्या प्रश्नावल्याही आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची वेदना-प्रश्नावली आणि लिव्हरपूलची 'लोड' या त्यांतल्या दोन नावाजलेल्या. महिन्या-दोन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा सोडवले की सुधारणा आहे की घसरण, ते आकड्यांत दिसतं.

अर्थात चाल बिघडली म्हणजे सांधाच झिजला असं नाही, आणि घरच्या उपायांआधी पशुवैद्याकडून निदान करून घ्यायचं ते यासाठीच. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप हे मोठं कारण आहे. त्यात सांधे सुजतात, कुत्रा मलूल होतो, आणि योग्य औषध मिळालं तर तो चालायलाही लागतो. गुडघ्यातला अस्थिबंध तुटणं, डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याच्या मणक्यातली चकती सरकणं, थायरॉइड किंवा हृदयाचा विकार यांचे उपचार अगदी वेगळे आहेत. मज्जारज्जूच्या हळूहळू होणाऱ्या ऱ्हासात दुखत नाही, पण पाऊल उलटं पडतं आणि मागच्या पायांची मधली नखं घासून झिजतात. चालताना नखांचा खरखर आवाज येऊ लागला तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. या ऱ्हासाला अजून औषध नाही. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, अशा २२ कुत्र्यांच्या अभ्यासात रोज नेटाने व्यायामोपचार मिळालेली कुत्री सरासरी २५५ दिवस जगली, थोडा व्यायाम मिळालेली १३० दिवस आणि काहीच न मिळालेली ५५ दिवस. अभ्यास लहान आहे, त्यातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी जिथे औषध नाही तिथेही हालचालीने फरक पडू शकतो, एवढं त्यातून दिसतं. कुत्र्याचे मागचे पाय अचानक, काही तासांत गेले, तर मात्र वाट बघू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता फरशीकडे येऊ. कुत्र्याच्या शरीराचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर असतो. पण उठताना, वळताना आणि चढताना जोर लावावा लागतो तो मागच्या पायांना. मातीवर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा खडबडीत शहाबादी फरशीवर पाऊल धरून राहतं. गेल्या काही दशकांत आपल्या घरांत आलेली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, संगमरवर आणि ग्रॅनाइट यांच्यावर ते धरत नाही. जोर लावला की मागचे दोन्ही पाय बाजूंना फाकतात, मांडीच्या आतल्या स्नायूंना हिसका बसतो आणि आधीच सुजलेला खुबा नको त्या कोनात ताणला जातो. दिवसातून दहा-बारा वेळा उठणाऱ्या कुत्र्याला हा हिसका दहा-बारा वेळा बसतो. घसरण्याची धास्ती बसली की तो अंग आखडून चालतो आणि नखं रोवू पाहतो. नख मातीत रुततं, टाइलमध्ये रुतत नाही. उलट नख फरशीला टेकल्याने बोट वर ढकललं जातं आणि जी पकड पंजाच्या गादीने मिळायची तीही सुटते. शेवटी तो उठायचंच टाळतो. हालचाल थांबते, स्नायू आटतात, आणि आपण म्हणतो की तो थकला. जमिनीचा संबंध तर पिल्लूपणापासून आहे. नॉर्वेतल्या मोठ्या जातींच्या पिल्लांवरचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या दोषाचा धोका अधिक आढळला, तर मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडलेल्यांमध्ये कमी.

यावरचा उपाय साधा आहे, पण तो नीट करायला हवा. सतरंजी, पातळ गालिचा किंवा गोधडी फरशीवर सुटी टाकली तर ती कुत्र्यासकट घसरते. खाली रबर असलेली, जड आणि कडा न उचलणारी मॅट हवी. गोठ्यात गाई-म्हशींखाली घालतात ती रबरी मॅट या कामाला उत्तम. तालुक्याच्या गावीही ती मिळते, धुता येते आणि वर्षानुवर्षं टिकते. एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन किंवा जुन्या योगा मॅटचे दुहेरी चिकटपट्टीने बसवलेले तुकडेही चालतात. सगळं घर झाकायची गरज नाही. कुत्र्याचे रस्ते ठरलेले असतात. अंथरुणापासून पाण्यापर्यंत, तिथून दारापर्यंत आणि घरातली माणसं बसतात त्या जागेपर्यंत. एवढी वाट अखंड घालावी. दोन मॅटमध्ये हातभर फरशी मोकळी राहिली तर कुत्रा नेमका तिथे अडतो. जिथे तो वळतो, म्हणजे पाण्याच्या भांड्यापाशी आणि दारात, तिथे मॅट रुंद हवी, आणि जिथे तो उठतो तिथे मागच्या पायांखाली ती पुरेशी हवी. मोरीच्या बाहेर, बाल्कनीत आणि पावसाळ्यात दाराशी पाणी साचू देऊ नये. सोफा आणि पलंग यांवरून उतरताना पुढच्या पायांवर आदळणारा भार मोठा असतो, म्हणून तिथे कमी चढाची, खरखरीत पृष्ठभागाची उतरण ठेवावी. जमत नसेल तर अंथरूण खालीच घालून आपण त्याच्या शेजारी बसावं.

जिन्याचा प्रश्न आपल्या शहरांत खरोखर अवघड आहे. लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती पुष्कळ आहेत आणि ३० किलोचा लॅब्रॅडॉर उचलून नेणं एकट्याला झेपत नाही. जुन्या सुती साडीची किंवा मोठ्या टॉवेलची घडी मांड्यांच्या पुढून पोटाखाली घेऊन, वरून दोन्ही टोकं धरून मागचा भार हलका करता येतो. मूत्रमार्गावर दाब पडू देऊ नये आणि प्रत्येक मजल्यावर थांबावं. गळ्यातल्या पट्ट्याला ओढण्यापेक्षा छातीला बसणारा हार्नेस बरा. उचलायचंच असेल तर एक हात छातीपुढून आणि दुसरा मांड्यांमागून घ्यावा. पुढचे पाय धरून कधीही ओढू नये. दिवसातून दोन-तीनदा जिना टाळण्यासाठी गच्चीत किंवा बाल्कनीत शी-शूची सोय करता येते, पण ती सवय कुत्रा चालता असतानाच लावायला हवी. आणि जिथे लिफ्ट आहे तिथे ती नाकारण्याचा अधिकार सोसायटीला नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येणार नाही, असं म्हटलं आहे. स्वच्छतेची आणि इतरांच्या भीतीची काळजी कुत्रा पाळणाऱ्याने घ्यायची, पण संधिवाताच्या कुत्र्याला चार जिने चढायला लावणारा नियम कोणत्याही सोसायटीला शोभत नाही.

नखं आणि अंथरूण या गोष्टी छोट्या वाटतात, पण फरशीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. चालणं कमी झालं की नखं आपोआप झिजत नाहीत. कुत्रा सरळ उभा असताना नख जमिनीला टेकत असेल तर ते वाढलेलं आहे, असं समजावं. दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं कापावं, आणि पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नखही बघावं, कारण ते वळून कातडीत घुसतं. गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन, स्पिट्झ यांच्या पंजांखाली वाढलेले केस कापले नाहीत तर मॅटवरही पाय सरकतो. अंथरूण तीन-चार इंच जाड आणि घट्ट असावं, अंगाचा भार पडला की कोपर जमिनीला लागू नये. बसकी झालेली कापसाची गादी कोपरांवर घट्टे आणि सूज आणते. थंडीत अंथरूण वाऱ्याच्या झोतातून हलवावं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र कुत्रा थंड फरशी शोधणारच. तिथे त्याला अडवू नये, पण उठताना पाय टेकवायला मॅटची कड जवळ असू द्यावी.

इतक्या उपायांत ज्यामागे सर्वांत भक्कम पुरावा आहे तो उपाय फुकट आहे, आणि तोच सर्वांत कमी केला जातो. तो म्हणजे वजन आटोक्यात ठेवणं. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या २४ जोड्या करून त्यांचा आयुष्यभर अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं गेलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं भरलं, जोडीदारांचं ११.२ वर्षं. संधिवाताच्या उपचारांची गरज जोडीदारांना १०.३ व्या वर्षाच्या सुमारास पडली, तर कमी खाणाऱ्यांना १३.३ व्या वर्षाच्या सुमारास. आधीच लठ्ठ आणि लंगडणाऱ्या कुत्र्यांवरचा २०१० चा अभ्यास सांगतो की वजन ६ टक्क्यांच्या आसपास उतरल्यावरच लंगडणं कमी होऊ लागलं. ३५ किलोच्या कुत्र्यात हे जेमतेम दोन किलो होतात. फासळ्यांवरून हलका हात फिरवल्यावर त्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत आणि वरून पाहताना कंबर दिसली पाहिजे. लॅब्रॅडॉरची भूक हा नुसता लाडाचा परिणाम नव्हे. जवळपास चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरांमध्ये भुकेशी निगडित जनुकाचा एक भाग गळालेला असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं. तो मागेल, आणि आपण नाही म्हणायला हवं. म्हाताऱ्या, ३० किलोच्या, फार न हलणाऱ्या कुत्र्याची दिवसाची गरज साधारण १,००० ते १,२०० उष्मांकांची असते. ग्लुकोजच्या एका बिस्किटात २० ते २५ उष्मांक असतात. घरातल्या चौघांनी दोन-दोन बिस्किटं दिली की त्याच्या गरजेचा सहावा-सातवा हिस्सा तिथेच संपतो, आणि तूप लावलेली पोळी अजून मोजलेली नसते. खाऊ बंद करायचा नाही, मोजून द्यायचा आणि जेवणातून वजा करायचा. मात्र प्रथिनं कापू नयेत. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर म्हाताऱ्या कुत्र्याला स्नायू टिकवण्यासाठी ती पुरेशी लागतात. नुसत्या दूधभातावर ते टिकत नाहीत.

हालचालीचं सूत्र असं की रोज थोडी, सारखी आणि सपाट. दहा-पंधरा मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या एका तासाच्या फेरीपेक्षा बऱ्या. पूर्ण विश्रांती सांध्याला आणखी आखडवते, आणि चेंडूमागे धावताना लागणारे अचानक ब्रेक त्याला फाडतात. फेरी संपल्यावर किंवा दुसऱ्या सकाळी कुत्रा जास्त आखडला असेल तर ती लांब झाली, असं समजून कमी करावी. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू काही सेकंद ठेवून बघावी. हाताला सोसवत नसेल तर पंजालाही सोसणार नाही. मॅटवर उभ्या कुत्र्याला बसवणं आणि पुन्हा उठवणं, असं चार-पाच वेळा केलं तरी मांड्यांना चांगला व्यायाम होतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पाण्यातले व्यायामोपचारही आता मिळतात. पाणी भार उचलतं आणि स्नायूंना काम देतं. निघण्याआधी दहा-बारा मिनिटं कोमट शेक द्यावा, पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून आणि आधी आपल्या मनगटावर तपासून. माणसांचा बाम मात्र लावू नये. कुत्रा तो चाटतो आणि त्यातले कापूर, सॅलिसिलेट पोटात जातात.

"पण वेदनाशामकांनी किडनी जाते" हा आक्षेप घराघरांत आहे आणि तो निराधार नाही. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब ही कुत्र्यांना दिली जाणारी औषधं पोट, यकृत आणि मूत्रपिंडांवर परिणाम करू शकतात. म्हणूनच ती सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक अंतराने रक्त तपासायचं, मात्रा वजनानुसार ठेवायची, स्टेरॉइडबरोबर ती द्यायची नाहीत, आणि उलटी, काळी शी किंवा अन्नावरची वासना उडणं दिसलं की थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. एवढी पथ्यं पाळली तर बहुतेक कुत्र्यांना फायदा धोक्यापेक्षा जास्त होतो. खरा धोका आपल्या औषधाच्या डब्यात असतो. माणसांचं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याला दिलं तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यावर भारतात २००६ साली बंदी आली ती गिधाडांच्या मृत्यूंमुळे, पण कुत्र्याच्या पोटालाही ते सुरक्षित नाही. नव्या औषधांनाही हाच नियम. संधिवाताच्या वेदनेवरचं बेडिनव्हेटमॅब हे प्रतिपिंडाचं इंजेक्शन अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्य झालं आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला त्याच्या दुष्परिणामांविषयी पशुवैद्यांना पत्र लिहावं लागलं. औषध नाकारू नये आणि देखरेखीशिवायही देऊ नये.

उलट ज्या गोळ्या आपण निर्धास्तपणे देतो त्यांचा पुरावा कच्चा आहे. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या चाचण्यांचा २०२२ सालचा मोठा आढावा त्यांच्या विरोधात गेला. माशांच्या तेलातल्या ओमेगा-३ च्या बाजूने मात्र पुरावा मिळाला. "आमच्या कुत्र्याला त्या गोळ्यांनी फरक पडला" असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. पण २०१२ च्या एका अभ्यासात नकली औषध घेणाऱ्या ५८ लंगड्या कुत्र्यांची चाल यंत्राने मोजली, तेव्हा जवळपास ४० टक्के वेळा मालकांना प्रत्यक्षात नसलेली सुधारणा दिसली. डॉक्टरही या भ्रमातून सुटले नाहीत. आशा कुत्र्याला नसते, ती आपल्याला असते. म्हणून मनाच्या कौलावर न जाता व्हिडिओ, प्रश्नावली आणि वजनकाटा यांवर विसंबावं, आणि पैसे मर्यादित असतील तर ते आधी मॅट, तपासणी आणि खऱ्या वेदनाशामकावर खर्च करावेत.

"रस्त्यावरच्या कुत्र्यांना कुठे मॅट लागते?" असंही विचारलं जातं. ती कुत्री सडपातळ असतात, दिवसभर चालतात आणि पकड देणाऱ्या जमिनीवर चालतात. म्हणजे त्यांचं उदाहरण माझ्याच म्हणण्याला बळ देतं. शिवाय त्यांतली फार थोडी म्हातारी होतात. पश्चिम बंगालमध्ये ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रजननाच्या वयापर्यंत १९ टक्केच पोचली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसांना उपचार परवडत नसताना कुत्र्यासाठी एवढं कशाला? पण इथे सांगितलेल्या गोष्टींतल्या बहुतेकांना पैशांपेक्षा लक्ष जास्त लागतं, आणि घसरणार नाही अशी फरशी घरातल्या आजी-आजोबांनाही तितकीच हवी असते. तिसरा आक्षेप म्हणजे, आपण त्याचं आयुष्य ओढून-ताणून लांबवतो आहोत का? वेदना कमी करणं म्हणजे मरण पुढे ढकलणं नव्हे. उलट वेदना हटवून पाहिल्याशिवाय त्याचं आयुष्य सुसह्य आहे की नाही, हे कळणारच नाही. अमेरिकन पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी सुचवलेली मोजपट्टी इथे उपयोगी आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सातांना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. सगळं करूनही ते गुण उतरतच गेले, तर डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणं हेही काळजीचंच शेवटचं काम आहे, आणि त्याबद्दल कोणी अपराधी वाटून घेऊ नये.

कुत्रा अंदाजे आयुर्मानाच्या शेवटच्या चौथ्या हिश्श्यात गेला की पशुवैद्य त्याला ज्येष्ठ म्हणतात. लॅब्रॅडॉरसाठी ही सीमा साधारण नवव्या वर्षी येते, फार मोठ्या जातींसाठी आधीच, छोट्यांसाठी दहा-अकराव्या वर्षी. तुमचा कुत्रा त्या टप्प्यावर असेल तर पशुवैद्याकडे वर्षातून दोनदा नेत जा. या रविवारी त्याचं वजन करा, उठतानाचा व्हिडिओ काढा, नखं बघा, आणि अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत घट्ट बसणारी मॅट घाला. एवढ्यावर काही आठवड्यांत कितीतरी कुत्री आपणहून उठून दारापर्यंत येऊ लागतात. जी येणार नाहीत त्यांच्या दुखण्याचं कारण शोधायला डॉक्टरांकडे पुरेशी माहिती तरी जमा झालेली असेल.